झाकण आणि चौकट



१७ नोव्हेंबर २०२३. शुक्रवार होता. सकाळी दहाच्या सुमाराला माझा भाचा मोबाइल घेऊन धावत आला. म्हणाला, "मामू, हे बघा, गटाराच्या झाकणानं फेरारी मोडली!"

मी आयुष्यात स्कूटरपलीकडे काही चालवलेलं नाही. शर्यतीतलं मला कळत नाही. पण झाकणातलं कळतं. कवितेवर चूल पेटत नाही, म्हणून बी.ए. झाल्यावर मी एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात कारकुनी धरली. फुटक्या झाकणांच्या आणि उघड्या चेंबरच्या तक्रारी वहीत उतरवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तेव्हा मीही त्या मोबाइलमध्ये डोकावलो.

अमेरिकेत लास व्हेगासला तेव्हा गुरुवारची रात्र होती. शहरातल्याच रस्त्यांवर आखलेल्या, सहा किलोमीटरहून थोड्या लांब मार्गावर फॉर्म्युला वनचा पहिला सराव सुरू झाला होता. दहा मिनिटंही झाली नसतील, तोच कार्लोस साइन्झच्या गाडीला खालून जबर तडाखा बसला. झाकण गटाराचं नव्हतं, पाण्याच्या व्हॉल्व्हचं होतं. म्हणजे आमच्याच खात्याचं! गाडीचा तळ, इंजिन, बॅटरी, सगळ्याला मार बसला. साइन्झ मात्र सुखरूप बाहेर आला.

सराव तिथंच थांबला. मी जुम्म्याची नमाज पढून, जेवून परत आलो, तरी रस्ता बंदच. दुसरा सराव सुरू झाला तो तिथल्या पहाटे अडीच वाजता, आणि त्याआधी प्रेक्षकांना बाहेर काढलं होतं.

आता तुम्ही विचाराल, एवढं जड लोखंडी झाकण गाडीनं उचललं कसं? घरी एक प्रयोग करून बघा. कागदाचे दोन तुकडे थोडं अंतर ठेवून समोरासमोर धरा आणि मधून फुंकर मारा. ते लांब जात नाहीत, जवळ येतात. वेगानं वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होतो. शर्यतीच्या गाडीचा तळ मुद्दाम असा घडवतात, की खालून हवा जोरानं जावी आणि गाडी रस्त्याला घट्ट धरून राहावी. पण जो जोर गाडीला खाली ओढतो, तोच रस्त्यावरच्या झाकणाला वर ओढतो. म्हणून शर्यतीआधी शहरातली झाकणं वेल्डिंग करून बसवतात.

तरीही ती उखडतात. १९९० साली माँट्रियलच्या शर्यतीत असंच उडालेलं झाकण एका पोर्शे गाडीवर आदळलं आणि गाडीनं पेट घेतला. चालक वाचला. २०१६ साली मोनॅकोत जेन्सन बटनच्या गाडीला झाकणाचा फटका बसला. २०१९ च्या एप्रिलमध्ये बाकू शहरात जॉर्ज रसेलची गाडी अशीच जायबंदी झाली, आणि तिला उचलून नेणारी क्रेन वाटेतल्या पुलाला धडकली. क्रेनमधलं तेल त्याच गाडीवर सांडलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

लास व्हेगासला नेमकं काय मोडलं? जागतिक संघटनेनं सांगितलं, की झाकणाभोवतीची काँक्रीटची चौकट निखळली होती. हे वाचलं आणि मला आमचे जुने मिस्त्री आठवले. तक्रार आली, की मी कागदावर लिहायचो, 'नवीन झाकण बसवणे'. ते म्हणायचे, "साहेब, झाकण बदलून काय होणार? आधी बैठक बघा. बैठक हलली, की सोन्याचं झाकण बसवलं तरी उडणारच." वरचं डांबर नवं, गुळगुळीत असलं, की आपले डोळे तिथंच थांबतात. खालची बैठक कुणी बघत नाही.

पण मला खरी टोचणी लागली ती पुढच्या निकालानं. साइन्झच्या गाडीत नवी बॅटरी बसवावी लागली. वर्षात ठरल्यापेक्षा जास्त बॅटऱ्या वापरल्या, की सुरुवातीच्या क्रमात दहा जागा मागं जायचं, असा नियम. फेरारीनं सूट मागितली. पंच म्हणाले, अधिकार असता तर दिली असती, पण नियमात तशी सोयच नाही. साइन्झनं पात्रता फेरीत दुसरा क्रमांक मिळवला आणि शर्यत बाराव्या जागेवरून सुरू केली. शेवटी तो सहावा आला. रस्ता दुसऱ्याचा, चूक दुसऱ्याची, शिक्षा मार खाणाऱ्याला!

माझ्या तक्रारवहीत शेवटचा रकाना होता, 'जबाबदार विभाग'. पाणीवाले म्हणायचे बांधकाम विभाग, बांधकामवाले म्हणायचे ठेकेदार. तो रकाना बहुधा कोराच राही. तक्रार करणाऱ्याचं मोडलेलं हाड मात्र त्याचं त्यालाच सोसावं लागे.

मुंबईत २९ ऑगस्ट २०१७ च्या महापुरात एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. तिथं कुठली शर्यत नव्हती. ते पावसात पायी घरी निघाले होते.

आपल्याकडेही आता शहरातल्या रस्त्यांवर शर्यती होऊ लागल्या आहेत. ११ फेब्रुवारी २०२३ ला हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी विजेवरच्या गाड्या धावल्या. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस चेन्नईत रात्रीची शर्यत झाली. तिथं पावसामुळं मार्गाची तपासणी लांबली आणि वेळापत्रक पुढं गेलं. लोक वैतागले असतील. मला विचाराल तर तो वेळ वाया गेला नाही. तपासणीला थांबलेले दोन तास दवाखान्यातल्या दोन महिन्यांपेक्षा स्वस्तच.

शर्यती जरूर व्हाव्यात. माझा भाचा आनंदानं बघेल, मीही शेजारी बसेन. फक्त एक मागणं आहे. शर्यतीच्या दोन दिवसांसाठी जो रस्ता इंच न् इंच तपासता, तो उरलेल्या दिवसांतही कुणीतरी तपासावा. आणि तो शेवटचा रकाना कोरा ठेवू नये.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)