हुकूमनामा बापावर, अर्ज लेकाचा

(कापूस-ज्वारीच्या मुलखातून नोकरीसाठी आलेली मुले आणि त्यांचे पालक यांच्यासमोर खारघर येथे केलेल्या भाषणाचा मजकूर. जिल्हा बैठकांत वाचून दाखवावा.)

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो आणि इथे एकेका खोलीत पाच-सहा जण राहणाऱ्या पोरांनो,

कापसाच्या माणसांनी खारघरला सभा का घ्यावी, असे आम्हाला गावाकडे विचारले गेले. उत्तर सोपे आहे. यवतमाळ, वाशीम, बीड, परभणीच्या कोरडवाहू रानातली पोरे आता इथे आहेत. कोणी तळोज्याच्या एमआयडीसीत पाळी करतो, कोणी टॉवरच्या फाटकावर शिट्टी घेऊन उभा राहतो, कोणी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतो. रान पोसत नाही म्हणून पोरगा इथे आला, आणि रानाचे कर्ज त्याच्या मागोमाग लोकलमध्ये बसून आले.

भावाचा विषय आज बाजूला ठेवू. तो काही संपलेला नाही, पण आज प्रश्न वेगळा आहे. पोरे आम्हाला हळू आवाजात विचारतात, "घरावर कोर्टाचा हुकूमनामा आहे. सोसायटीने १०१ चा दाखला काढलाय. नोकरीच्या फॉर्मवर काय लिहू? नोकरी जाईल का?" काही पोरे तर फॉर्म भरतच नाहीत. बापाच्या थकबाकीच्या लाजेने पोराने अर्ज न करणे ही आम्हाला जप्तीपेक्षा वाईट गोष्ट वाटते. जप्तीला निदान बेलीफ यावा लागतो.

पहिली गोष्ट नीट ऐका. बापाचे कर्ज हे लेकाच्या नावावरचे कर्ज नाही. बाप वारला तरी लेक देणेकरी होतो तो फक्त बापाकडून हाती आलेल्या मालमत्तेपुरता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५० मध्ये ते स्पष्ट आहे. पूर्वी हिंदू कायद्यात वडिलांचे ऋण फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य धरून सावकार लेकावर कोर्टात जाई. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने तो रस्ता बंद केला. दुरुस्तीनंतर काढलेल्या कर्जासाठी निव्वळ धर्मकर्तव्याच्या नावाखाली लेकावर, नातवावर दावा चालत नाही. सातबाऱ्यावरचा बोजा जमिनीवर राहील, तो वेगळा. पण पोराच्या पगारावर आणि पोराच्या नोंदीवर त्याचा हक्क नाही.

मग पोरगा अडकतो कुठे? तिथे सही केलेली असते म्हणून. ट्रॅक्टरला जामीनदार कोण, तर थोरला. शिक्षणकर्जात बाप आणि पोरगा दोघेही कर्जदार. २०१७ साली बोंडअळीने पऱ्हाटी बसवली तेव्हा ज्या घरांनी फायनान्स कंपनीकडून पोराच्या नावाने मोटारसायकल घेतली होती, त्यांचे हप्ते थांबले आणि नोंद झाली ती पोराच्या नावावर. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. बँक आधी कर्जदाराकडे जाईल आणि मग आपल्याकडे येईल, ही समजूत गावोगाव आहे आणि ती खोटी आहे. बापांनो, हे तुम्हाला सांगतो आहोत, पोरांना नव्हे. ज्या लेकाला नोकरीला पाठवायचे आहे त्याची सही जामिनाच्या कागदावर घेऊ नका. सोसायटीचा सचिव कितीही ओळखीचा असो.

आता नोकरी देणारे काय पाहतात ते पाहू. सगळे एकसारखे नाहीत.

सिक्युरिटी एजन्सी २००५ च्या कायद्याप्रमाणे चारित्र्य पडताळणी करून घेते. पोलीस पाहतात ते गुन्हे. कर्जाचा दिवाणी हुकूमनामा हा गुन्हा नव्हे. फॉर्मवर विचारले असेल की 'तुमच्यावर फौजदारी खटला आहे का', तर हुकूमनामा असूनही 'नाही' हेच खरे उत्तर आहे. पण सावध राहा. कोऱ्या चेकवर सही करून कृषी केंद्रवाल्याला किंवा फायनान्सवाल्याला दिला असेल आणि तो परत गेला असेल, तर कलम १३८ ची केस होते. ती फौजदारी आहे, तिच्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ती लपवू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात माहिती दडवण्याच्या प्रश्नाचा सगळा ऊहापोह केला आहे. क्षुल्लक प्रकरण खरे सांगितले तर मालक विचार करू शकतो. दडवले आणि सापडले, तर दडवणे हाच दोष ठरतो.

सरकारी नोकरीत दिवाणी कर्जापायी सरसकट दार बंद नाही. नोकरीत शिरल्यावर मात्र सेवेचे वर्तणूक नियम लागू होतात. कर्जवसुलीचा दावा झाला तर वरिष्ठांना कळवावे लागते.

खरी अडचण बँकांच्या भरतीत आहे. जुलै २०२३ मध्ये आयबीपीएसच्या क्लार्क भरतीच्या जाहिरातीत सिबिलचा आकडा किमान ६५० हवा अशी अट आली. पुढे तो आकडा काढला. पण रुजू होताना सिबिलची नोंद दुरुस्त हवी, नाहीतर कर्ज देणाऱ्याचा बेबाकी दाखला हवा, हे राहिले. स्टेट बँकेच्या जाहिरातीत कर्ज थकवल्याची नोंद असलेला उमेदवार अपात्र, असे लिहिलेले होते. एका निवडलेल्या उमेदवाराची नेमणूक त्यावरून रद्द झाली. आपण सगळे फेडले आहे, असे तो सांगत होता. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेची बाजू उचलून धरली. म्हणून जाहिरातीतली ही ओळ अर्ज करण्याआधी वाचा, परीक्षा पास झाल्यावर नव्हे.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. कंपनी बुडाली तर २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याने देणी छाटून मिळतात. त्याच कायद्यात साध्या माणसासाठी एक भाग आहे. २०१९ मध्ये तो लागू केला तोही कंपन्यांच्या जामीनदारांपुरता. चाळीस हजारांच्या मोटारसायकलवाल्या पोराला मात्र शिस्तीचा धडा.

१८७५ साली सुप्यात कुणब्यांनी सावकाराचे रोखे आणि हुकूमनामे पेटवले. त्यातून १८७९ चा दख्खनचा शेतकरी कायदा आला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे थांबले. आज रोखा जाळून भागत नाही. तो संगणकात आहे, आणि ई-कोर्टावर नाव टाकले की दावा दिसतो. एका गावात एकाच नावाचे तिघे असतात, हे मुंबईच्या पडताळणीवाल्याला कोण सांगणार? म्हणून आपले नाव आपणच आधी शोधून पाहा. दुसऱ्याचा दावा आपल्या नावावर खपत असेल, तर निकालाची नक्कल काढून बापाचे नाव आणि वय दाखवता येते.

सिबिलचेही तसेच. अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चुकीची नोंद असेल तर तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. तडजोडीत कर्ज मिटवताना एक ध्यानात ठेवा. तडजोडीची रक्कम भरली की अहवालात 'सेटल्ड' असे पडते, 'क्लोज्ड' नाही. नोकरी देणारा या दोन शब्दांत फरक करतो. जिथे थोडी जास्त रक्कम भरून खाते पूर्ण बंद होत असेल, तिथे तो हिशेब करून पाहा. आणि आपल्या नावावर एखादे ॲपवरचे पाच हजारांचे कर्ज राहिले असेल, तर आधी ते संपवा. रक्कम लहान असते, डाग मोठ्या कर्जासारखाच पडतो.

आता हुकूमनामा खरोखर आपल्याच नावावर असेल तर काय?

बरेच हुकूमनामे एकतर्फी असतात. समन्स गावच्या दारावर चिकटले आणि पोरगा इथे खारघरला. समन्स रीतसर मिळाले नसेल, तर निकाल कळल्यापासून तीस दिवसांत तो रद्द करण्याचा अर्ज त्याच कोर्टात देता येतो. कळल्याची तारीख लिहून ठेवा.

पैसे भरले असतील तर नुसती पावती पुरत नाही. कोर्टाबाहेर भरलेले पैसे तीस दिवसांच्या आत कोर्टात नोंदवून घ्यावे लागतात. नाही नोंदवले तर दरखास्त चालवणारे कोर्ट ते धरत नाही, आणि हुकूमनामा बारा वर्षे बजावता येतो. पैसे फेडूनही दुसऱ्यांदा जप्ती सोसलेली घरे आपल्यात आहेत.

पगार सगळा जप्त होईल ही भीती सोडा. दिवाणी हुकूमनाम्यात पगाराचे पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात. १६,००० पगार असेल, तर जप्त होऊ शकतात जास्तीत जास्त ५,०००. एकाच हुकूमनाम्यापायी चोवीस महिने जप्ती झाली की त्या हुकूमनाम्यासाठी पगार कायमचा मोकळा. मजुराची मजुरी तर जप्तच होत नाही. गावाकडे शेतकऱ्याचे राहते घर, औते, बैल आणि बियाणे यांनाही कलम ६० चे संरक्षण आहे. ते घर त्याच कर्जाला गहाण दिलेले असेल तर मात्र गोष्ट वेगळी. आणि 'तुरुंगात टाकू' असा फोन वसुलीवाल्याने केला, तर त्याला १९८० चा जॉली जॉर्ज व्हर्गीस निकाल सांगा. नुसते फेडता आले नाही म्हणून कैद नाही, असे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यात लिहिले आहे.

हे सगळे एकट्याने करायचे नाही. तालुका कोर्टात विधी सेवा समिती बसते, लोकअदालतीत तडजोड होते आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने चार कागद आणावेत: हुकूमनाम्याची किंवा १०१ च्या दाखल्याची नक्कल, भरलेल्या पैशांच्या पावत्या, सिबिलचा अहवाल, आणि ज्या नोकरीचा अर्ज करायचा तिची पूर्ण जाहिरात. पोराला रजा नसेल तर बापाने किंवा आईने आणावेत. फॉर्म तिथेच बसून भरू.