बंदर बंद आणि बंदर खुले

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत एका वयोवृद्ध सभासदाने केलेले भाषण)



महोत्सव समितीने मला आज चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी कोणत्या विषयावर बोलावे हे माझ्यावरच सोपविले होते. मी आगबोटीच्या प्रवासाविषयी बोलणार आहे असे कळविताच समितीतील एका तरुण मित्राने हसून विचारले, "काका, जालना जिल्ह्यात समुद्र कोठून आणणार?" प्रश्न रास्त आहे. आपल्या मुलुखात पाणी म्हणजे आडातले, विहिरीतले, फार तर घाणेवाडीच्या तलावातले. परंतु आपल्यापैकी काही घरांचा समुद्राशी जुना ऋणानुबंध आहे, आणि माझे घर त्यांपैकी एक आहे. समुद्रापासून इतक्या दूर राहूनही समुद्राने आमच्या घरावर काय आणले आणि त्यातून आम्ही काय शिकलो, हे आज सांगावे असा माझा मानस आहे.

माझी आई वेंगुर्ल्याजवळच्या एका खेड्यातली. वडील जालन्यास रेल्वेत नोकरीला. १९५२ साली लग्न होऊन ती इकडे आली. तो प्रवास कसा होता हे आजच्या मुलांना सांगितल्याशिवाय समजणार नाही. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरून पडावात बसायचे. आगबोट खोल पाण्यात नांगर टाकून उभी असे, कारण कोकणातील बहुतेक बंदरांत ती धक्क्याला लागू शकत नसे. लाटांवर पडाव वरखाली होत असता खलाशांनी हाताला धरून उतारूंना शिडीवर चढवायचे. मुले, ट्रंका, फणस, कोंबड्या, सारे त्याच वाटेने वर जायचे. मग मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी अशी बंदरे घेत घेत बोट मुंबईस भाऊच्या धक्क्याला लागे. तेथून बोरीबंदरास जाऊन आगगाडीने मनमाड, आणि मनमाडास गाडी बदलून लहान रुळांच्या गाडीने जालना. हा लोहमार्ग १९०० साली आपल्याकडे आला, आणि त्याच्याच आधाराने समुद्रकाठची एक मुलगी या कोरड्या मुलुखात येऊन संसाराला लागली.

आता या प्रवासातील मुख्य गोष्ट सांगतो. कोकणची आगबोट बारमास चालत नसे. मे महिना संपत आला की शेवटच्या बोटी सुटत. चाकरमान्यांची त्या वेळी एकच झुंबड उडे, कारण ती बोट चुकली तर पुढील तीन-साडेतीन महिने समुद्राची वाट मिटलेली. याला तिकडे "बंदर बंद" म्हणत. घरोघर आगोटीची बेगमी होई. तांदूळ, सुके मासे, मीठ, सरपण घरात भरून ठेवायचे आणि पावसाला तोंड द्यायचे. श्रावणात नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करीत, आणि समुद्र शांत होऊ लागला म्हणजे आगबोटींचे नवे वेळापत्रक बंदरावर लागे. बंदर खुले झाल्याची वार्ता गावात आली की ज्याच्या त्याच्या तोंडी मुंबईच्या माणसांचे नाव असे.

हा नियम कोणा अधिकाऱ्याच्या लहरीने झालेला नव्हता. नैर्ऋत्येचा वारा तेव्हा थेट किनाऱ्यावर आदळतो. नद्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात, त्यांवर लाटा फुटतात, आणि उघड्या बंदरात नांगरलेल्या बोटीपर्यंत पडाव नेणे अशक्य होते. बोट एकवेळ तरेल, पण उतारू किनाऱ्यास कसा यावा? समुद्राची थट्टा केली तर काय होते हे लोकांनी पाहिले होते. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, "रामदास" नावाची आगबोट मुंबईहून रेवसला निघाली. अंतर थोडे आणि वाट जवळची, म्हणून त्या मार्गावर पावसाळ्यातही ये-जा चालू असे. ती बोट वाटेतच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्याआधी ११ नोव्हेंबर १९२७ रोजी "जयंती" आणि "तुकाराम" या दोन बोटी एकाच दिवशी समुद्राने गिळल्या होत्या, आणि तो तर बंदर खुले असण्याचा काळ होता. कोकणातल्या बाया बोट दिसेनाशी होईपर्यंत किनाऱ्यावर उभ्या राहत, ते उगाच नव्हे.

१९५४ सालच्या आषाढात आईला माहेरचे पत्र आले. तिची आई अत्यवस्थ होती. पत्र वाटेत अडकून आठ दिवस उशिरा पोहोचले होते. माझी थोरली बहीण तेव्हा दोन महिन्यांची होती. बोट बंद. खुष्कीच्या मार्गाने जावे तर पुण्या-कोल्हापुरापर्यंत आगगाडी, पुढे घाट उतरून मोटार, आणि त्या पावसात घाट चालू असेल की नाही, ओढ्यांना उतार असेल की नाही, याची शाश्वती कोणी द्यावी? वडिलांनी खिन्न मनाने सांगितले की तान्ह्या पोरीला घेऊन या वाटेने जाणे होणार नाही. बंदर खुले होईतो थांबले पाहिजे. आई थांबली. भाद्रपदाच्या शेवटी पहिल्या बोटींपैकी एका बोटीने ती गेली, ती आईच्या कबरीवर फुले ठेवण्यासाठी. पत्र आमच्या हाती पडले त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिकडे सारे आटोपले होते.

या वाट पाहण्याच्या दोन महिन्यांत घडलेली एक गोष्ट आई आम्हांस नेहमी सांगे. आपला धर्मग्राम स्थापन होण्यापूर्वीचे हे दिवस. कॅथलिक कुटुंबे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. वस्तीतल्या दोन भगिनी रोज सायंकाळी शेतमजुरीवरून परतल्यावर, अंगावरचा चिखल धुऊन, आमच्या दारी येत आणि आईबरोबर जपमाळ म्हणत. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. आगबोट म्हणजे काय हेही त्यांना नीटसे ठाऊक नव्हते. परंतु या बाईची वाट बंद झाली आहे एवढे त्यांना कळले होते, आणि तेवढे पुरेसे होते. एकही सायंकाळ त्यांनी चुकविली नाही.

मात्र त्या वर्षापासून आईच्या मनात एक अढी बसली. आपल्याकडे मृगाची सारे जण चातकासारखी वाट पाहतात. पहिला पाऊस पडला की पोरे अंगणात नाचत, पण आई गप्प होऊन आत जाई. आम्हांला जो पाऊस भाकरी देई, त्यानेच तिची वाट अडविली होती. पावसासाठी प्रार्थना होई तेव्हा ती गुडघे टेकी, पण ओठ हलत नसत, हे मी लहानपणी स्वतः पाहिले आहे.

पुढे १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना वर्णन नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना वर्णनाने कळणार नाही. विहिरी आटल्या, गुरे दावणीला मेली, बाया-माणसे खडी फोडावयास गेली. १९५४ साली आमच्या दारी येणाऱ्या त्या दोघींपैकी एक भगिनी, आता म्हातारी, त्या कामावर उन्हात दगड फोडीत होती. आई तिला भाकरी घेऊन गेली आणि परत आल्यावर देवापुढे बसून मोठ्याने रडत पावसासाठी प्रार्थना करू लागली. अठरा वर्षांनी तिच्या तोंडून पावसाची मागणी निघाली.

त्यानंतर दोन वर्षांनी, १९७४ च्या डिसेंबरात, जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले झाले होते. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. आईला घेऊन निघालो. भाऊच्या धक्क्यावर पणजीची बोट धरली. त्या काळी या मार्गावर "कोकण सेवक" आणि "कोकण शक्ती" या बोटी धावत असत; मुंबई ते पणजी हा प्रवास जवळजवळ एक दिवस आणि एक रात्र चाले. आईचे वय झाले म्हणून मी काटकसर करून केबिनीचे तिकीट काढले होते. भिंतीला जोडलेले बिछाने, लहानशी खिडकी, दार लावले की इंजिनाची घरघर. मला तर तो राजवाडाच वाटला. आईने केबिन पाहिली, बिछान्यावर हात फिरविला, आणि वळकटी उचलून ती डेकवर निघून गेली. म्हणाली, "मी आजवर कधी दाराआड बसून समुद्र ओलांडला नाही."

डेकवर जिकडे तिकडे सतरंज्या पसरलेल्या. कोणाला बोट लागली म्हणून लिंबू हुंगविले जात होते, कोणी भजन म्हणत होते, कोणी पत्ते कुटीत होते. एका बाजूला यात्रेस निघालेल्या भाविकांची जपमाळ चालली होती. रात्री रत्नागिरीचा दीप मागे पडला, आणि आईने वीस वर्षांपूर्वीची ती सारी कहाणी मला प्रथमच सांगितली. शेवटी ती आपल्या बोलीत म्हणाली, "पाऊस कोणाचो वैरी नाय रे, झिला." एवढेच. मी पुढे काही विचारले नाही.

पणजीस उतरून दर्शन घेतले आणि तेथून आम्ही आजीच्या कबरीवर गेलो. ज्या संताच्या दर्शनास आम्ही गेलो त्याचे चरित्र मी पुढे वाचले, तेव्हा आईची आठवण झाली. फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले. वारे अनुकूल नाहीत म्हणून त्यांना कित्येक महिने मोझांबिकमध्ये थांबावे लागले, आणि ६ मे १५४२ रोजी, तेरा महिन्यांनी, ते गोव्यास पोहोचले. त्या सक्तीच्या मुक्कामात ते स्वस्थ बसले नाहीत. रुग्णांची शुश्रूषा करीत राहिले. आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्यासमोरील सांशियान बेटावर त्यांचे देहावसान झाले, ते पलीकडे नेणाऱ्या गलबताची वाट पाहत असता. प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायातही हाच धडा आहे. ऋतू टळून गेला आहे, आता पुढे जाणे धोक्याचे आहे, असे संत पौलाने सांगितले. शताधिपतीने ते मानले नाही, आणि जहाज फुटून दोनशे शहात्तर माणसे पोहत व फळ्यांच्या आधाराने माल्टाच्या किनाऱ्यास लागली. मग तीन महिने थांबावे लागलेच. तेथील अनोळखी लोकांनी पावसात व थंडीत शेकोटी पेटवून त्यांचे स्वागत केले, हे मात्र विसरू नये.

बंधुभगिनींनो, ती आगबोट आता इतिहासजमा झाली. १९८० नंतरच्या दशकात मुंबई-गोवा बोटीची नित्याची सेवा संपुष्टात आली, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली. कोकणच्या माणसाला आता पावसाळ्यात आईची भेट चुकावी असे कारण उरले नाही. ही देवाची कृपाच म्हणावयाची. गेल्या दर्शनसोहळ्यास, म्हणजे २०२४ च्या अखेरीस, आपल्यापैकी जे गेले ते आगगाडीने सुखरूप जाऊन आले.

परंतु आपल्या जिल्ह्यात अद्यापि एक बंदर दरसाल बंद होते, आणि त्याकडे लक्ष वेधावे म्हणूनच मी एवढी लांब वाट वळून आलो. दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी आपल्या गावोगावची कुटुंबे बिऱ्हाड पाठीवर घेऊन साखर कारखान्यांच्या मुलुखात जातात. हंगाम संपेतो ती परतू शकत नाहीत, कारण उचल घेतलेली असते. मागे राहतात ती म्हातारी माणसे, आणि कधी कधी शाळेसाठी ठेवलेली पोरे. दूरध्वनी आहे, एस. टी. आहे, हे खरे. पण म्हातारी आजारी पडली असता फडातल्या लेकाची वाट बंदच असते, जशी १९५४ साली माझ्या आईची होती.

माझी विनंती फार मोठी नाही. महोत्सवाच्या निमित्ताने आपण घंटा घ्याल, प्रवेशद्वार बांधाल, तेही अवश्य करावे. त्यासोबत, दिवाळीपासून हंगाम संपेपर्यंत, ज्या घरातली कर्ती माणसे तोडीला गेली आहेत अशा प्रत्येक घरासाठी आपल्यापैकी दोघांची नेमणूक व्हावी. त्यांनी सायंकाळी जाऊन बसावे, औषधपाणी पाहावे आणि एक जपमाळ म्हणावी. घर कॅथलिक आहे की नाही, हे विचारू नये. तो मार्ग नवा नाही. दोन शेतमजूर भगिनींनी तो सत्तर वर्षांपूर्वी या भूमीवर घालून दिला आहे, आणि धर्मग्रामाच्या स्थापनेची तारीख कोणतीही असो, माझ्या लेखी आपला धर्मग्राम त्याच सायंकाळी सुरू झाला.

प्रभू आपणां सर्वांस सुखरूप पैलतीरास नेवो. आमेन.