जुनी विंडोज टाकताना

धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरगा या गावांतल्या छापखान्यांत आणि टायपिंगच्या दुकानांत विंडोज एक्सपी किंवा विंडोज सेव्हनवर चालणारा एखादा संगणक अजूनही जपून ठेवलेला असतो. त्याला तसेच कारण असते. वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, जत्रेची पत्रके, पतसंस्थांचे अहवाल त्यात पेजमेकरमध्ये आणि जुन्या मराठी फाँटमध्ये साठवलेले असतात. त्या फाँटचे सॉफ्टवेअर प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या लॉकवर चालते, आणि ते लॉक नव्या यंत्रावर चालतेच असे नाही. अशा संगणकाची हार्डडिस्क गेली किंवा मदरबोर्ड बदलावा लागला, की तीच जुनी विंडोज पुन्हा टाकायची वेळ येते आणि काम मध्येच अडते.

बहुतेक अडचणींचे मूळ एकच असते. कोणतीही विंडोज ती तयार झाली त्या काळापर्यंतचेच भाग ओळखते. एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये बाजारात आली आणि विंडोज सेव्हन ऑक्टोबर २००९ मध्ये. त्यानंतर निघालेली डिस्क, यूएसबी किंवा मदरबोर्ड समोर आला, की जुन्या विंडोजला तो भाग दिसत नाही. दिसला तरी त्याच्याशी बोलता येत नाही. म्हणून दुरुस्ती करताना आधी पाहायचे, काम कोणत्या टप्प्यावर थांबले. टप्पा कळला की कारण निम्मे सापडते. दुसरा नियम असा, की एका वेळी एकच बदल करायचा. तीन बदल एकदम केले तर यंत्र सुरू झाले तरी कशामुळे सुरू झाले ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी तीच धडपड नव्याने करावी लागते.

पहिला टप्पा तयारीचा. विंडोज टाकताना सी ड्राइव्ह फॉरमॅट होतो, म्हणजे डेस्कटॉपवरच्या आणि माय डॉक्युमेंट्समधल्या फाइली जातात. त्यामुळे जुनी हार्डडिस्क थोडी जरी चालत असेल, तरी ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि आधी फाइली उतरवून घ्याव्यात. त्यासोबत फाँटचे फोल्डरही घ्यावे. फाँट हरवला तर फाइल असूनही वाचता येत नाही. विंडोजची मूळ सीडी आणि बहुधा सीपीयूच्या डब्यावर चिकटवलेला तिचा परवाना-क्रमांक शोधून ठेवावा. एक्सपी टाकल्यावर ३० दिवसांच्या आत ती सक्रिय करून घ्यावी लागते, तेव्हा हा क्रमांक हवाच. उन्हाळ्याच्या दिवसांत डब्यात साचलेली धूळ आधी झटकावी, पंखा फिरतो का ते पाहावे. दीड-दोन तासांच्या कामात मध्येच लाइट जाऊ शकते, म्हणून यूपीएसची बॅटरी तपासूनच सुरुवात करावी. फाइली डिस्कवर उतरत असताना वीज गेली, तर बहुधा पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागते.

दुसरा टप्पा बूट होण्याचा. सीडी घातली तरी संगणक तिच्याकडे पाहत नसेल, तर बायोसमध्ये जाऊन बूटच्या क्रमात सीडी ड्राइव्ह वर आणावा. नव्या मदरबोर्डवर बायोसच्या जागी यूईएफआय असते. एक्सपीला जुन्या पद्धतीचा बायोसच लागतो, म्हणून सेटिंगमध्ये लेगसी किंवा सीएसएम नावाचा पर्याय चालू करावा आणि सिक्युअर बूट बंद करावे. अलीकडच्या अनेक यंत्रांत हा पर्यायच उरलेला नाही. तिथे खटपट थांबवलेली बरी, कारण सीडी बदलूनही काही होणार नाही.

याच टप्प्यावर एक साधी चूक वारंवार होते. सीडीवरून सुरू होण्यासाठी कोणतेही बटण दाबा, अशी सूचना पडद्यावर येते. पहिल्या वेळी बटण दाबायचे असते. फाइली उतरल्यावर संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि तीच सूचना पुन्हा दिसते. या वेळी बटणाला हात लावायचा नाही. दाबले तर काम पुन्हा पहिल्या पानावर जाते, आणि विंडोज गोल गोल फिरते असे वाटत राहते. एनटीएलडीआर सापडत नाही असा संदेश आला, तर यंत्राला लावून ठेवलेला पेनड्राइव्ह आधी काढून पाहावा. संगणक पुष्कळदा त्याच्यावरूनच सुरू व्हायला बघत असतो.

तिसरा टप्पा डिस्क ओळखण्याचा. एक्सपी सर्वांत जास्त अडते ती इथे. पडद्यावर हार्डडिस्क सापडली नाही असे लिहून येते, किंवा निळी स्क्रीन येऊन खाली शेवटी ‘७ बी’ असलेला क्रमांक दिसतो. हार्डडिस्क बिघडली असे समजून नवी डिस्क आणली जाते, पण पुष्कळ वेळा डिस्क ठणठणीत असते. साटा डिस्क एएचसीआय नावाच्या पद्धतीने जोडलेली असते आणि त्या पद्धतीचा ड्रायव्हर एक्सपीच्या सीडीत नाही. बायोसमध्ये साटाची पद्धत बदलून आयडीई केली, की डिस्क दिसू लागते. तो पर्याय नसेल, तर सुरुवातीला एफ ६ दाबून फ्लॉपीवरून ड्रायव्हर द्यावा लागतो. फ्लॉपी ड्राइव्ह नसेल, तर तो ड्रायव्हर आधीच मिसळलेली सीडी बनवून घ्यावी लागते.

मोठ्या डिस्कची गोष्ट वेगळी. २००१ ची मूळ सीडी १३७ जीबीच्या पुढची जागा ओळखत नाही. सर्व्हिस पॅक १ पासून ती मर्यादा गेली. त्यामुळे सीडी निवडताना सर्व्हिस पॅक २ किंवा ३ असलेलीच घ्यावी. आणि २ टीबीहून मोठ्या डिस्कची सगळी जागा जुन्या पद्धतीच्या पार्टिशनमध्ये मावतच नाही.

विजेशी जोडलेली एक अडचण इथेच सांगायला हवी. महिनाभर नीट चाललेला संगणक एखाद्या दिवशी लाइट येऊन-जाऊन झाल्यावर अचानक निळी स्क्रीन दाखवतो. पुन्हा विंडोज टाकायला घेण्याआधी पडद्यावरची तारीख पाहावी. तारीख मागे गेली असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. त्याचा क्रमांक सीआर २०३२ आणि दाब ३ व्होल्ट. वीज नसताना बायोसमधले बदल हाच सेल धरून ठेवतो. तो संपला, की लाइट जाताच आयडीईचे सेटिंग पुसले जाते, एएचसीआय परत येते आणि विंडोज स्वतःचीच डिस्क ओळखेनाशी होते. सेल बदलून सेटिंग पुन्हा लावले की काम होते, फॉरमॅट मारायची गरज पडत नाही.

चौथा टप्पा फाइली उतरवण्याचा. मध्येच अमुक फाइल उतरवता आली नाही असा संदेश येतो. तेव्हा फाइलीचे नाव कागदावर लिहून घ्यावे आणि पुन्हा प्रयत्न करावा. दर वेळी तीच फाइल अडली, तर दोष बहुधा सीडीवरच्या ओरखड्याचा असतो. दर वेळी वेगळी फाइल अडली, तर संशय रॅमवर घ्यावा. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एक काढून एकीवर पाहावे, मग दुसरीवर. पट्टीचे सोनेरी टोक खोडरबराने हळू पुसून नीट बसवल्यानेही पुष्कळदा काम होते.

विंडोज सेव्हनची अडचण वेगळ्या ठिकाणी येते. २०१५ च्या सुमारास आलेल्या इंटेलच्या सहाव्या पिढीच्या यंत्रांत पहिल्याच पानावर माउस आणि कीबोर्ड निष्प्राण होतात. त्या यंत्रांत यूएसबीचे सगळे पोर्ट नव्या नियंत्रकावर चालतात आणि त्याचा ड्रायव्हर सेव्हनकडे नाही. मागच्या बाजूला गोल पीएस टू पोर्ट असेल, तर त्याला जुना कीबोर्ड लावून काम पुढे नेता येते. नसेल तर ड्रायव्हर मिसळलेला पेनड्राइव्ह तयार करावा लागतो. त्याआधीच्या यंत्रांवर कधी सीडीचा ड्रायव्हर नाही असा बुचकळ्यात टाकणारा संदेश येतो. तिथे पेनड्राइव्ह निळ्या पोर्टमधून काढून काळ्या पोर्टला लावावा, बहुधा तेवढ्याने भागते. सेव्हन निवडताना ३२ बिट की ६४ बिट हेही ठरवावे लागते. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचे जुने प्रोग्राम चालत नाहीत. ३२ बिटची विंडोज मात्र ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरत नाही. जुन्या फाँटसाठीच संगणक हवा असेल, तर ३२ बिट बरी.

पाचवा टप्पा ड्रायव्हरचा. विंडोज सुरू झाली, पण अक्षरे अवाढव्य दिसतात, आवाज नाही, नेट नाही, अशी स्थिती असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडावा. तिथे पिवळे चिन्ह असलेल्या भागांना ड्रायव्हर मिळालेला नसतो. आधी मदरबोर्डच्या चिपसेटचा ड्रायव्हर टाकावा, मग डिस्प्लेचा, नंतर आवाजाचा आणि नेटवर्कचा. हे सगळे दुसऱ्या संगणकावरून पेनड्राइव्हवर आणून ठेवावे, कारण नेटवर्कच्या ड्रायव्हरविना नवी विंडोज स्वतः काहीच उतरवू शकत नाही.

सहावा टप्पा मराठीचा. इथे बिघाड दोन तऱ्हांचे असतात. अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे विखुरलेली दिसली, तर तो जुना फाँट बसवलेला नाही असे समजावे. नुसते चौकोन दिसले किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला गेली, तर युनिकोडची सोय चालू नाही. एक्सपीत ही सोय कंट्रोल पॅनलमधल्या रीजनल आणि लँग्वेजच्या पानावर खूण करून चालू करावी लागते, आणि त्या वेळी सीडीवरचे आय ३८६ फोल्डर मागितले जाते. त्यानंतर मंगल हा फाँट नीट दिसू लागतो. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला हा फाँट विंडोजमधून घराघरांत पोहोचला. विंडोज सेव्हनमध्ये ही सोय आधीपासूनच चालू असते.

हे सगळे करूनही यंत्र दाद देत नसेल, तर नव्या विंडोजच्या आत व्हर्च्युअल बॉक्ससारख्या प्रोग्राममध्ये एक्सपी टाकता येते. तिथे जुन्या विंडोजला तिच्या ओळखीचे, आभासी भाग दाखवले जातात, म्हणून डिस्क आणि ड्रायव्हरचे बहुतेक प्रश्न उद्भवत नाहीत. प्रिंटर पोर्टच्या लॉकची अडचण मात्र राहू शकते.

जुनी विंडोज बसली, तरी ती इंटरनेटला जोडून ठेवू नये. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज सेव्हनची १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. पेनड्राइव्हही आधी दुसऱ्या यंत्रावर तपासूनच लावावा. मिळालेल्या सवडीत जुन्या फाँटमधला मजकूर थोडा थोडा करून युनिकोडमध्ये आणावा, म्हणजे पुढचे बिघाड काम अडवणार नाहीत. सगळे नीट चालू झाल्यावर त्या डिस्कची एक पूर्ण प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. बायोसमध्ये केलेले बदल, सीडीचा सर्व्हिस पॅक आणि ड्रायव्हर टाकण्याचा क्रम एका कागदावर लिहावा आणि तो कागद सीपीयूच्या झाकणाला आतून चिकटवावा. पुढच्या वेळी झाकण उघडणाऱ्याला पहिल्यापासून शोधत बसावे लागत नाही.