डावे-उजवे आणि काल-आज : मज्जासंस्थेच्या तपासणीतील विकृत चिन्हे



मज्जासंस्थेच्या तपासणीला साधने फार थोडी लागतात. रबरी हातोडी, टाचणी, कापूस, नादकाटा आणि एक लहान विजेरी. एवढ्या सामग्रीवर निष्णात वैद्य पुष्कळदा सांगू शकतो की दोष मेंदूत आहे, मज्जारज्जूत आहे की हातापायांकडे जाणाऱ्या नसेत. हे त्याला साधते ते तुलनेमुळे. गुडघ्याच्या वाटीखाली हातोडी मारली की पाय उडतो. १८७५ मध्ये एर्ब व वेस्टफाल या दोन जर्मन वैद्यांनी स्वतंत्रपणे हे नोंदविले. कोणाचा पाय जोराने उडतो, कोणाचा जेमतेम. दोन्ही बाजू सारख्या असतील तर बहुधा त्यात वावगे काही नसते. एक उसळतो आणि दुसरा नाही, तेव्हा वैद्य थांबतो. उतारवयात पायांच्या बोटांना नादकाट्याची थरथर कमी जाणवते. तेवढ्यावरून वृद्धास रोगी ठरविणे हा उतावळेपणा होय.

सर्वांत बोलके चिन्ह मात्र तळव्यावर मिळते. पॅरिसचे वैद्य जोसेफ बाबिन्स्की यांनी १८९६ मध्ये अवघ्या काही ओळींच्या टिपणात ते मांडले. टाचेपासून करंगळीच्या बाजूने तळव्यावर बोथट वस्तू ओढत नेली असता निरोगी माणसाची बोटे खाली वळतात. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारा हालचालींचा मार्ग दुखावलेला असेल, तर अंगठा सावकाश वर उठतो. त्या काळी उन्मादातून आलेला लुळेपणा आणि खरा पक्षाघात यांत भेद करणे मोठे कठीण असे. अंगठ्याची ती संथ, नकळत होणारी हालचाल सोंगाने सहसा वठत नाही. आणि गंमत अशी, की तान्ह्या बाळाचाही अंगठा असाच वर जातो. त्याचा तो मार्ग अजून पुरता घडलेला नसतो. म्हणजे जे आज्याच्या पायी विकृत, तेच नातवाच्या पायी प्रकृत!

चेहऱ्याचेही असेच. तोंड वाकडे झाले, तर रुग्णास कपाळाला आठ्या घालावयास सांगतात. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळते. म्हणून मेंदूतील आघातात गाल व ओठ ओघळले तरी आठ्या बहुधा दोन्हीकडे पडतात. चेहऱ्याची नसच सुजली असेल, तर त्या बाजूचे कपाळ सपाट राहते आणि डोळाही मिटत नाही. हा निवाडा वैद्याचा. घरच्यांनी तो करीत बसू नये.

घरच्यांकडे दुसरी तुलना असते, कालची आणि आजची. वैद्य रुग्णाला प्रथमच पाहतो. काल नीट बोलणारे वडील आज शब्दांत अडखळतात, चूळ भरताना पाणी एका कोपऱ्यातून गळते, एका पायातली चप्पल निसटते, हे घरालाच दिसते. उपवासाच्या दिवसांत तर ‘पारणे झाले की बरे वाटेल’ असे म्हणून वेळ दवडली जाते. उपवासाचा थकवा साऱ्या अंगाला येतो, एकट्या उजव्या हाताला नव्हे. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याची साखर उतरल्यास मात्र क्वचित एकच बाजू लुळी पडल्याचा भास होतो. त्यासाठीही रुग्णालयच गाठावे, साखर तेथे तत्काळ तपासतात.

मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. मोठ्या वाहिनीतील गुठळी नळीने काढण्याची सोय २०१८ पासून निवडक रुग्णांसाठी २४ तासांपर्यंत वाढली आहे. तरी प्रत्येक मिनिटागणिक मेंदू मरतच असतो. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनखेरीज कळत नाही. म्हणून घरी ॲस्पिरिन देऊ नये, पाणीही पाजू नये, ते श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. आणि रुग्णालयात पहिला प्रश्न येईल तो वेळेचा. पहाटे जाग येताच हात लुळा आढळला, तर घड्याळ पहाटेपासून धरीत नाहीत. रात्री कोणी त्यांना शेवटचे धडधाकट पाहिले आणि किती वाजता, हे सांगावे लागते. हे उत्तर ज्याला ठाऊक असेल त्यानेच रुग्णासोबत गाडीत बसावे.