किनारा कोणाचा?



नवविवाहित जोडपे मधुचंद्रासाठी जमैकात उतरते. निवास, भोजन, मद्य, करमणूक यांचे मोल मायदेशीच एकरकमी चुकते झालेले असते. माँटेगो बे येथे १९८१ साली केवळ जोडप्यांसाठी असे एक विश्रामधाम निघाले. पुढे ही पद्धत कॅरिबियन बेटांवर फोफावली.

त्या जोडप्याच्या आनंदाला कोणी नावे ठेवू नयेत. प्रश्न अर्थव्यवहाराचा आहे. सर्व काही आवारातच मिळाल्यावर पाहुणा फाटकाबाहेर कशाला पाऊल टाकील? मग बाहेरचा खानावळवाला, फळे विकणारी बाई यांच्या हाती काय पडणार? रोजगार मिळतो, हे खरे. परंतु खर्चाचा मोठा वाटा विमान कंपन्या, परदेशी प्रवासदलाल आणि आयात माल यांच्या वाटेने बेटाबाहेर जातो.

याहून बोचरी गोष्ट किनाऱ्याची. वसाहतकाळातील १९५६ च्या कायद्याने किनाऱ्यावरील हक्क राजसत्तेकडे सोपवले. जनतेला तेथे जाण्याचा सर्वसाधारण हक्क मात्र दिला नाही. १९६२ साली देश स्वतंत्र झाला. १९७२ ते १९८० या काळात मायकेल मॅनली यांच्या लोकशाही समाजवादी शासनाने अनेक हॉटेले सरकारी मालकीत आणली. तरीही तो कायदा रद्द झाला नाही. पुढे हॉटेले पुन्हा खासगी हाती गेली आणि कुंपणे कायम राहिली.

समाजवाद्यांनी यातून एवढा बोध घ्यावा : मालक बदलणे पुरेसे नाही. कोळ्याच्या मुलाला आपल्याच समुद्रात हक्काने उतरता आले पाहिजे.