दुष्काळ आणि पाण्याचा कायदा
(समितीच्या सभेंत केलेलें भाषण)



धान्य व चारा यांसाठीं आपण सढळ हातानें साह्य केलें आहे. आज मी निराळी याचना करणार आहे. ती पैशाची नसून आपल्या सहीची आहे.

माझ्या वकिलीच्या आरंभीं एक वृद्ध शेतकरी माझ्याकडे आला. शेजाऱ्यानें खोल बोअर घेतल्यापासून त्याची वडिलोपार्जित विहीर कोरडी पडली होती. कागदपत्र पाहून मला त्यास सांगावें लागलें कीं, "बाबा, तुमचें नुकसान खरें, पण दाद मागण्यास भक्कम आधार दिसत नाहीं." तो मुकाट्यानें निघून गेला. तें उत्तर आजही मला बोचतें.

१८८२ च्या सुविधाधिकाराच्या कायद्यांत, ठराविक प्रवाहानें न वाहणारें भूमिगत पाणी आपल्या हद्दींत काढून घेण्याचा जमीनमालकाचा हक्क मान्य केला आहे. त्या काळीं मोट होती. बैल ओढतील तेवढेंच पाणी वर येई. आज विजेचा पंप रात्रंदिवस उपसा करतो. जमिनीस कुंपण घालतां येतें, तिच्या पोटांतील झऱ्यास घालतां येत नाहीं.

पुढें या हक्कास मर्यादा घालण्यांत आल्या. महाराष्ट्रांत १९९३ च्या कायद्यानें पिण्याच्या सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरांच्या आंत विनापरवाना विहीर खोदण्यास मनाई केली. २००९ चा व्यापक भूजल कायदा २०१४ सालीं अमलांत आला. तरी एप्रिल २०१६ मध्यें लातूर शहरास मिरजेहून रेल्वेनें पाणी न्यावें लागलें! कायदा पुस्तकांत असणें व गांवांत असणें यांत एवढें अंतर आहे.

हें अंतर लोकांच्या संमतीनें तोडतां येतें. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं पुरंदर तालुक्यांत पाणी पंचायत उभी केली. तिनें पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवितां कुटुंबांतील माणसांवर ठरविला. भूमिहीनासही वाटा दिला आणि ऊस वर्ज्य केला.

हेंच तत्त्व कायद्यांत स्पष्ट शब्दांनीं यावें, पिण्याच्या पाण्यास अग्रहक्क मिळावा, व अंमलबजावणींत गांवाला अधिकार असावा, असा अर्ज समितीनें तयार केला आहे. त्यावर प्रत्येकानें सही करावी, ही नम्र विनंती. आज आपण दिलेल्या धान्यानें या सालची भूक भागेल. परंतु त्या वृद्धासारखा कोणी उद्यां वकिलाच्या दारीं आला, तर तो रिक्त हस्तें परत जाऊं नये, एवढीच माझी इच्छा आहे.