एक पडदा, दोन संगणक

इंदापूर तालुक्यांतील कळंबच्या शिवारांत उसाला पाणी देणारा शेतकरी फावड्याच्या दोन घावांत एक दारें बुजवितो व दुसरें मोडतो. पाट तोच, पाणीहि तेंच. भिजूं लागते मात्र दुसरी सरी. नीरा डाव्या कालव्याच्या या टापूंत हें पोराटोरांसहि ठाऊक आहे. अशाच गांवच्या एखाद्या घरांत आज एक संगणक कचेरीचा व दुसरा मुलांच्या अभ्यासाचा असतो, आणि टेबल मात्र एकच. तेथें केव्हीएम स्विच नांवाची लहानशी पेटी नेमकें हेंच दारें मोडण्याचें काम करते. कीबोर्ड, व्हिडिओ व माउस या तीन शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला हें नांव पडलें.

प्रत्येक संगणकापासून पेटीकडे बहुधा दोन तारा येतात. एक चित्राची, दुसरी यूएसबीची. बटण दाबतांच पडदा, कळफलक व माउस दुसऱ्या संगणकाचे होतात. पहिला बंद पडत नाहीं. त्याचें काम पडद्याआड चालूच राहतें. दोहोंतील कागदपत्रेंहि एकमेकांत मिसळत नाहींत. पेटी घेतांना एक गोष्ट अवश्य पाहावी. पडदा आपला आकार व कुवत तारेवाटें संगणकास कळवीत असतो. हलक्या प्रतीच्या पेटींत बटण दाबल्याबरोबर हा संबंध तुटतो; मग पडदाच गेला असें समजून संगणक उघड्या खिडक्यांची मांडामांड करूं लागतो.

खरी मेख कळफलकांत आहे. कळफलक अक्षर पाठवीत नाहीं. कोणती कळ दाबली त्याचा केवळ क्रमांक पाठवितो. अक्षर ठरवितो तो ऐकणारा संगणक. म्हणून भारतीय मानक ब्यूरोच्या १९९१ च्या मानकांतील इन्स्क्रिप्ट मांडणी एकावर चालू असेल, तर एच ही कळ तेथें 'प' उमटविते आणि दुसऱ्यावर इंग्रजी एच. हा घोटाळा हंसण्यावारीं जातो. परंतु बँकेचा पासवर्ड भलत्याच संगणकावर, मुलाच्या उघड्या निबंधांत ढळढळीत उमटला, तर तो हंसण्यावारीं नेतां येत नाहीं. पडद्याच्या तळच्या पट्टीस दोन संगणकांवर दोन भिन्न रंग द्यावेत. हा फुकटचा उपाय महागड्या पेटीहून अधिक कामाचा.

पेटीवांचूनहि वाटणी होते. २००१ सालीं निघालेला सिनर्जी किंवा मायक्रोसॉफ्टचा २०११ चा माउस विदाउट बॉर्डर्स हे प्रोग्राम कळफलकाचे ठोके घरच्या नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाकडे पोंचवितात. पण त्यांत प्रत्येक संगणकास स्वतःचा पडदा लागतो, आणि ठोके सांकेतिक रूपांतच जातात ना, हें पाहावें लागतें. कचेरीच्या संगणकावर तर असा प्रोग्राम कचेरीच्या अनुमतीवांचून घालूंच नये.

राहतां राहिली पाळी. कालव्याची पाळी जलसंपदा खातें ठरवितें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं पडदा कोणाचा, हें पेटी ठरवीत नाहीं. दोघांना रोज एकाच वेळीं बसावयाचें असेल तेथें पेटीचा कांहीं उपयोग नाहीं. माळ्यावरचा जुना पडदा उतरवून, पुसून मुलांच्या संगणकास जोडावा हें बरें.